अजब बंगल्यातील वस्तू आणि आजीच्या तोंडची नावे



नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय आपल्याला ‘अजब बंगला’ म्हणून परिचित आहे. १८६३ साली ते स्थापन झाले. त्याच्या आदिवासी दालनात गोंड व इतर जमातींच्या जीवनातील वस्तू जपून ठेवल्या आहेत. पण काचेआडची वस्तू मुकी असते. तिला गोंडीत काय म्हणतात, ती कोणत्या सणाला काढतात, हे ती वापरणारी माणसेच सांगू शकतात.

हे ओळखणारा एक मिशनरी नागपुरात होऊन गेला. स्कॉटलंडचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. शाळा व सुवार्ताकार्य सांभाळून त्यांनी आदिवासींचे शब्द, चालीरीती व गाणी टिपली. गोंडांचा इतिहास पोथीत नव्हता, तो परधान गायकांना मुखोद्गत होता. एका परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत गोंडीतच उतरवून घेतले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेली त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली, म्हणून ती वाचली. त्यातील प्रत्येक मत आज आपण मान्य करणार नाही, ती त्या काळातील परक्या माणसाची नजर होती. तरीही ऐकून, त्यांच्याच भाषेत लिहून घेण्याचा त्यांचा धडा मोलाचा आहे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गावाहून वसतिगृहात आलेले मूल चारचौघांत गोंडी बोलायला लाजते. सुट्टीत घरी गेले, की आजीचे शब्द त्याला अडू लागतात. संग्रहालय ढोल जपेल, पण ढोलावरचे गाणे विसरले, तर ते कोणत्या कपाटातून काढणार?

म्हणून एक विनंती आहे. आपल्या मंडळीतर्फे वसतिगृहातील मुलांना अजब बंगला दाखवा आणि जमल्यास त्यांच्या आजी-आजोबांनाही सोबत न्या. वस्तूपुढे उभे राहून आजीने नाव सांगावे, नातवाने ते वहीत लिहावे. आपण शिकवायला नव्हे, ऐकायला जावे. आपल्या भाषेला पाहुणे मान देतात, हे मुलाने एकदा पाहिले, की त्याची लाज आपोआप गळून पडेल.