सिस्टरच्या शब्दालाही वजन हवे

आपल्या वस्त्यांतून आज अनेक मुली नर्सिंगला जातात. कुणी ए.एन.एम. करते, कुणी जी.एन.एम., तर कुणी बी.एस्सी. नर्सिंग. मुलेही लॅब टेक्निशियन किंवा फार्मसीचा अभ्यासक्रम घेतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. नोकरी लागेल ना, एवढेच आपण विचारतो. परंतु तेथे काय शिकवले जाते, हेही विचारावे असे आम्हांस वाटते.

आरोग्यशिक्षणात आज दोन गोष्टींवर भर आहे. एक पुराव्यावर आधारलेली सेवा आणि दुसरी सांघिक काम. आम्ही पडलो हिशेबातले. व्हाउचर नसेल तर साहेबांनी सांगितलेला खर्चही कीर्दीत चढत नाही. उपचाराचेही तसेच असले पाहिजे. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच करतात’ हा पुरावा नव्हे. अमुक उपचार दिलेल्यांपैकी किती बरे झाले आणि न दिलेल्यांचे काय झाले, हे मोजून पाहावे लागते.

पण नुसता पुरावा पुरत नाही. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरत. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येतात, हे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेरले. 1847 च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे 18 बाळंतिणी दगावल्या होत्या, तो आकडा उन्हाळ्यात दोनच्या आसपास आला. तरीही अनेक बड्या डॉक्टरांनी ते मानले नाही. पुरावा होता, ऐकून घेणारे नव्हते.

आता अमेरिकेतील बाल्टिमोरची गोष्ट पाहा. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2001 साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आय.सी.यू.साठी पाच कलमांची एक यादी केली. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना हात धुणे, कातडी जंतुनाशकाने पुसणे, मास्क व हातमोजे घालणे, अशी साधीच कामे त्यात होती. नर्सेसनी महिनाभर नोंद ठेवली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून एखादे तरी कलम राहून जात होते! मग व्यवस्थापनाने नर्सेसना अधिकार दिला की, कलम चुकले तर डॉक्टरांना तेथेच थांबवा. पुढच्या वर्षभरात नळी घातल्यापासून दहा दिवसांत होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण 11 टक्क्यांवरून शून्यावर आले. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आय.सी.यू.मध्ये हीच पद्धत नेली गेली आणि तेथेही संसर्ग झपाट्याने घटल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले.

यादीतली कलमे डॉक्टरांना आधीही ठाऊकच होती. नवे होते ते हे की, नर्सने टोकायचे आणि डॉक्टरने ऐकायचे.

ही सवय नोकरीत एकदम लागत नाही. ती शिकतानाच लागावी लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली सांगितले की, निरनिराळ्या आरोग्य-अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावे. आपल्या देशातही 2019 पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात डॉक्टर हा आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्यही मानला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सांघिक काम व पुराव्यावर आधारित सेवा ही दोन्ही कौशल्ये आहेत.

तथापि, कागदावर आले म्हणजे वॉर्डात आले असे होत नाही. ‘सिस्टर, तुम्ही तुमचे काम बघा’ हे वाक्य आम्ही वॉर्डात स्वतः ऐकले आहे. डॉक्टर होणारा आणि नर्स होणारी शिकताना एका टेबलाशी बसलेच नाहीत, तर रात्रपाळीला एकमेकांचे ऐकणार कसे? आणि जेथे सिस्टरचा आवाज दबतो, तेथे किंमत रुग्ण मोजतो. तो रुग्ण बहुधा आपल्यातलाच असतो.

तेव्हा पालकांनो, मुलीला प्रवेश घेताना विचारा, प्रत्यक्ष वॉर्डात किती शिकवतात? डॉक्टरांबरोबर एकत्र सराव असतो का? आणि घरी तिला ‘उलट बोलू नकोस’ असे शिकवू नका. ‘असे का करतात?’ हे नम्रपणे पण ठामपणे विचारायला शिकवा. तिच्या त्या एका प्रश्नावर उद्या कुणाचा तरी जीव वाचणार आहे.