शटर ओढण्यापूर्वी

बँकेत नव्याने रुजू झालेल्या माणसाला आमच्या काळी पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळत असे. कॅशियर चहाचा घोट घ्यायला जरी केबिनबाहेर पडला, तरी ड्रॉवरला कुलूप लावूनच पडायचे. मग समोर ओळखीचे गिऱ्हाईक असो की शेजारी जिवाभावाचा मित्र. त्यात कुणावर अविश्वास दाखवायचा हेतू नसे. मोकळी खुर्ची आणि उघडा ड्रॉवर यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढाच व्यवहार.

आज घरबसल्या बँकेचे काम करताना मध्येच ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा’ असा निरोप पडद्यावर झळकतो, तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. जुना बँकवाला म्हणून मी आधी त्या निरोपाची बाजू घेतो. तो नियम ड्रॉवरच्या कुलपाचाच आहे.

वेबचा मूळ स्वभाव विसराळू. पडद्यावरचे एक बटण दाबले की एक मागणी सर्व्हरकडे जाते, उत्तर येते आणि संबंध संपतो. पुढची मागणी त्याच माणसाची आहे, हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. यावर नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी 1994 साली ‘कुकी’ची युक्ती काढली. संकेतशब्द बरोबर निघाला की सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक क्रमांक देतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर तो क्रमांक परत जातो. आमच्याकडचे पितळी टोकनच म्हणा ना! चेक देऊन टोकन घ्यायचे, नंबर पुकारला की कॅशियरसमोर उभे राहायचे. फरक एवढाच, की कॅशियर निदान तोंडाकडे तरी बघत असे. सर्व्हर फक्त टोकन बघतो. ते ज्याच्या हाती, तो खातेदार.

सायबर कॅफेत, कचेरीत किंवा घरातल्या सामाईक संगणकावर ‘बाहेर पडा’ हे बटण न दाबता आपण उठलो, की टोकन काऊंटरवर विसरल्यासारखे होते. म्हणून सर्व्हर शेवटच्या मागणीची वेळ टिपून ठेवतो आणि ठरल्या वेळात नवी मागणी आली नाही, तर तो क्रमांक रद्द करतो. वेब-सुरक्षेवर काम करणारी ‘ओवॅस्प’ ही संस्था मोठ्या जोखमीच्या कामांसाठी 2 ते 5 मिनिटांची आणि कमी जोखमीच्या कामांसाठी 15 ते 30 मिनिटांची मर्यादा सुचवते. क्रमांक रद्द व्हायला हवा तो सर्व्हरवर. नुसता पडदा कोरा केला आणि क्रमांक जिवंत ठेवला, तर पुढचे शटर ओढून मागचे दार सताड उघडे ठेवल्यासारखे आहे.

इथवर सारे ठीक. पण आमच्या शेजारच्या वहिनी, वय सत्तरीपुढचे, यजमानांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनाची तक्रार एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर लिहीत होत्या. एका बोटाने, चष्मा वरखाली करत, जुने कागद पाहून तारखा जुळवत. पाऊण तासाने ‘सादर करा’ दाबले आणि सगळे पुसले गेले. मला म्हणाल्या, “भावजी, मी इथेच होते हो. उठलेसुद्धा नाही!”

खरेच होत्या. पण आपण रकान्यात अक्षरे भरतो, ती बऱ्याच ठिकाणी बटण दाबेपर्यंत आपल्याच संगणकावर राहतात. सर्व्हरपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. त्याच्या लेखी तेवढा वेळ म्हणजे निव्वळ शांतता, आणि शांतता म्हणजे गैरहजेरी. गंमत अशी, की याच्या उलटही घडते. एखादे पान आपले आपण दर मिनिटाला ताजे होत असेल आणि सर्व्हर त्यालाही माणसाची हालचाल समजत असेल, तर मोकळी खुर्ची तासन्‌तास हजर धरली जाते. दर नोव्हेंबरात बहुतेक पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. इथे तो दर काही मिनिटांनी मागितला जातो, आणि तो मागितला आहे हे कुणी सांगतही नाही.

मर्यादेचा आकडाही प्रत्येक वेळी विचार करून ठरलेला असतो, असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये तो मुळात 20 मिनिटे, टॉमकॅट या सर्व्हरमध्ये 30. पुष्कळदा आयता मिळालेला आकडाच पुढे चालू राहतो. तरुण प्रोग्रॅमरला फॉर्म भरायला तीन मिनिटे लागतात. वहिनींना किती लागतील, हे त्याने कुणाला विचारायचे?

उपाय मात्र अवघड नाहीत. वेब सर्वांना वापरता यावे यासाठी 2008 साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत वेळ वाढवून देण्याचा मार्ग स्पष्ट सांगितला आहे: मुदत संपण्यापूर्वी सूचना द्या, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने ती वाढवायला निदान 20 सेकंद द्या, आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळू द्या. पुन्हा प्रवेश केल्यावर आधीचे लिखाण जसेच्या तसे मिळावे, हेही त्याच तत्त्वांत आहे. पण ते सर्वांत वरच्या श्रेणीत ठेवलेले, म्हणून बहुतेकांच्या नजरेआड. माझ्या मते ते पहिल्या पायरीवर हवे. टोकन रद्द करा, पण खातेदाराने भरलेली स्लिप फाडू नका. पैशाच्या व्यवहारात सक्ती राहू द्या. तक्रारअर्जाला तिजोरीचे कुलूप कशाला?

कामकाजाची वेळ संपली की आमचा शिपाई शटर अर्धे खाली ओढत असे. नवा माणूस आत येत नसे, पण आत उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाचे काम झाल्याशिवाय ते पूर्ण खाली येत नसे. सुरक्षितता आणि माणुसकी या दोहोंसाठी तेवढी फट पुरत असे.

आणि वाचकहो, आपल्याही बाजूचे थोडे: काम झाले की ‘बाहेर पडा’ हे बटण स्वतः दाबावे. नुसती खिडकी मिटल्याने टोकन परत गेले, असे होतेच असे नाही. ते आठवणीने परत करणारी गिऱ्हाइके जितकी वाढतील, तितकी ही मिनिटे सैल करायला यंत्रवाल्यांना उसंत मिळेल.