‘प्लेन्स गेम’ कशाला म्हणतात?

आफ्रिकेतल्या शिकार-सफारीची चौकशी करताना ‘प्लेन्स गेम’ हा शब्द लगेच कानावर येतो आणि उघड्या मैदानातले कळप डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रत्यक्षात तो प्राण्यांचा एक वर्ग आहे. कुडू, गेम्सबोक (लांब, सरळ शिंगांचं कुरंग), इम्पाला, झेब्रा, वॉर्टहॉग (सुळेवाला रानडुक्कर) हे त्यात येतात. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा येत नाहीत. आपण टाकळ्याला रानभाजी म्हणतो, पण तो रस्त्याच्या कडेलाही उगवतो. या नावाचंही तसंच आहे. नामिबियातला कुडू काटेरी झुडपांत इतका निश्चल उभा राहतो, की आधी फक्त कान हललेला दिसतो, मग जनावर. याच वर्गातलं क्लिपस्प्रिंगर हे छोटं कुरंग तर खडकाळ टेकड्यांवरच राहतं.

दुसरा गैरसमज खर्चाचा: दिवसाच्या दरात सगळं आलं, असं वाटतं. पण त्यात बहुधा राहणं, जेवण, सोबतचा व्यावसायिक शिकारी अशा सेवाच धरलेल्या असतात. ‘ट्रॉफी फी’ (प्रत्येक प्राण्यामागचं शुल्क) वेगळी. जखमी होऊन निसटलेल्या जनावराचीही ती सहसा भरावी लागते, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी दरपत्रक मागवा, आणि निघण्यापूर्वी नेमबाजीचा भरपूर सराव करा.