घडीचा चाकू घेताय? धारेआधी लॉक बघा

पार्सल उघडायला, पेरू कापायला खिशात छोटा घडीचा चाकू हवा, तर पर्याय ढीगभर आहेत. पण आधी बघायचं ते हे: उघडलेलं पातं जागेवर कशामुळे राहतं?

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक एसडी’ मिटल्यावर जेमतेम ५८ मिलिमीटरचा. किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, सोबत कात्री आणि चिमटाही. पण त्याचं पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. टोकाने काही खुपसायला गेलात, तर ते थेट बोटांवर मिटू शकतं.

फ्रान्सच्या ‘ओपिनेल नंबर ८’चं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ लाकडी. १९५५ मध्ये या चाकूंना धातूची कडी आली. ती फिरवली की पातं अडकतं. जोर लावायचा असेल तर हाच बरा. फक्त स्टेनलेस घ्या. लिंबू कापून तसाच ठेवला, तर कार्बन स्टीलचं पातं काळं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं.

गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये हेच लॉक अडचणीचं ठरतं. तिथे ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो; लॉकवाल्यासाठी सबळ कारण लागतं.

भारतात विमानाने जाताना मात्र दोन्ही चेक-इन बॅगेतच ठेवा.