पांढरी बाहुली आणि भिंगाचा कोष

लहान मुलांचा मोतीबिंदू आपल्या चिकित्सालयात क्वचितच येतो. जो येतो तो बहुधा दुसऱ्याच नावाने येतो. सालवड-बोईसर परिसरात आई मुलाला समोर बसवून म्हणते, "डॉक्टरसाहेब, डोळ्यात फूल पडलंय." फूल म्हणजे कृष्णमंडलावरील शुक्र, अशी आपली पक्की समजूत. म्हणून हात सहजच नेत्रबिंदूच्या बाटलीकडे जातो.

आमचाही गेला होता. गेल्या पावसाळ्यात औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराचा चार वर्षांचा मुलगा आला. उजव्या डोळ्यात पांढरट छटा होती. आम्ही घाईत पाहिले, थेंब दिले आणि पंधरा दिवसांनी बोलावले. मुलगा परत आला तेव्हा बाहुली दुधासारखी पांढरी झाली होती. या खेपेस बाजूने प्रकाश टाकून पाहिले. पृष्ठभाग निर्मळ होता, पांढरेपणा बाहुलीच्या आत होता. हे पाहावयास एक साधी विजेरी पुरते आणि ती पहिल्या दिवशीही टेबलावरच होती.

शस्त्रकर्म करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांनी नंतर सांगितले, ते वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. डोळ्यातील भिंग एका पारदर्शक, लवचिक कोषात असते. हा कोष मागील ध्रुवापाशी सर्वांत पातळ, जेमतेम चार मायक्रॉनचा असतो. काही बालकांत तो तेथे जन्मतःच दुबळा असतो आणि मागे शंकूसारखा फुगतो. यास पोस्टेरियर लेन्टिकोनस म्हणतात. हा विकार बहुधा एकाच डोळ्यात आढळतो. काहींच्या कोषाला तेथे जन्मापासून छिद्रच असते. छिद्रातून द्रव आत शिरला की भिंग फुगते आणि थोड्याच दिवसांत पांढरेफटक होते. 'परवापर्यंत बरा होता हो' हे आईचे म्हणणे अशा वेळी खरे असू शकते. (मार लागल्यानेही कोष फाटतो, म्हणून गोटी, काडी, फटाका यांची चौकशी करावीच.)

अशा छिद्राचे निदान व व्यवस्थापन यांवर अहमदाबादचे डॉ. अभय वसावडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये लेखन प्रसिद्ध केले. छिद्राच्या कडेला आणि मागील द्रवात पांढरे ठिपके दिसतात. डोळा हलला की ते माशाच्या शेपटीसारखे हलतात. शस्त्रकर्मात एरवी भिंग सुटे करण्यासाठी कोषाखाली पाण्याची धार सोडतात. येथे ती सोडल्यास छिद्र फाटून भिंग मागे पडण्याची भीती असते. निरोगी कोष असला तरी बालकाच्या डोळ्यात तो मागे अखंड ठेवल्यास पुन्हा गढूळ होतो, म्हणून लहान वयात त्याला मुद्दाम गोल खिडकी पाडतात.

पुढचा कोष शंकूसारखा फुगणे हा वेगळा प्रकार आहे. तो बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो आणि त्याचा संबंध अल्पोर्ट या आनुवंशिक विकाराशी असतो. तेथे मूत्रात रक्त, बहिरेपणा व वृक्कांची हानी आढळते. म्हणून अशा रुग्णाची मूत्रपरीक्षा आणि घराण्याची चौकशी आपणही करू शकतो.

आपल्यातील काही जण सुश्रुतोक्त पटल म्हणजेच हा कोष, असे जुळवून दाखवितात. आम्हास ते पटत नाही. उत्तरतंत्रात दृष्टीचे मान मसुराच्या दलाएवढे सांगितले आहे आणि कफज लिंगनाशाला वेध सांगितला आहे. त्या निरीक्षणाचा गौरव करण्यास एवढे पुरे. त्रिफळाघृताने फाटका कोष सांधला जात नाही.

पांढऱ्या बाहुलीमागे नेत्रपटलाचा कर्करोगही असू शकतो, तेथे प्रश्न प्राणाचा असतो. कर्करोग नसला तरी लहान वयात प्रतिमा अडली की मेंदू त्या डोळ्याने पाहणे शिकत नाही. जन्मजात दाट मोतीबिंदूत पहिले सहा ते आठ आठवडेच निर्णायक ठरतात. म्हणून औषधविक्रेत्यांना विनंती आहे की, बालकाच्या बाहुलीसाठी कोणी थेंब मागितले तर मध, गुलाबजल, नेत्रबिंदू काहीही देऊ नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत वय, कोणता डोळा, पांढरेपणा प्रथम कधी दिसला, मार लागला होता का, एवढे असावे. फ्लॅशने काढलेले जुने छायाचित्र असल्यास तेही सोबत न्यावयास सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरातच झाला. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. त्याच्या तपासणी-यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे आणि पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी आहेत. अंगणवाडीतील त्या मुलाच्या डोळ्यात पहिला प्रकाश टाकणारा हात बहुधा आपल्याच पदवीचा असतो.

आमच्या त्या मुलाचे शस्त्रकर्म झाले. आता चष्मा आहे आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधावी लागते. तो ती ओढून टाकतो. आई कामावर जाताना शेजारणीला बजावून जाते, आणि महिन्यातून एकदा आम्ही भिंतीवरील तक्ता वाचून घेतो. गेल्या खेपेस एक ओळ पुढे गेला.