विहिरीतली हिरवी माती आणि पिकाचा केवडा



आपल्या भोकरदन परिसरात विहीर खोदताना काळा कठीण पाषाण संपला की बरेचदा फोड-फोड असलेला जाळीदार खडक लागतो. त्या फोडांत पांढरे चमकदार खडे असतात आणि त्यांच्या कडेने हिरवट, साबणासारखी मऊ माती चिकटलेली असते. कुठे दोन पाषाणांच्या मध्ये गेरूसारखा लाल थर निघतो. हिरवी माती काय किंवा लाल थर काय, दोन्हींचा रंग लोहाचा आहे. एवढे लोह पायाखाली असताना त्याच शेतातील सोयाबीन किंवा भुईमूग पावसाळ्यात लोहाअभावी पिवळा पडतो. असे का होते हे समजून घेतले तर खतावरचा बराचसा वायफळ खर्च वाचू शकेल.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. रस थिजताना त्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. त्या पाण्याने खडकातील लोह, मॅग्नेशियम, पालाश व सिलिका विरघळवून घेतली आणि पोकळीच्या भिंतीवर हिरव्या मातीच्या रूपाने बसवली. या खनिजाला सेलाडोनाइट म्हणतात. त्याच पाण्याने पांढरे झिओलाइट आणि चुन्याचे खडे घडवले.

आपल्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे. तेथील लेण्यांच्या चित्रांत जो हिरवा रंग दिसतो तो अशाच हिरव्या मातीचा आहे. दीड हजार वर्षे झाली तरी तो टिकून आहे, कारण त्यातील लोह खनिजाच्या घडणीत पक्के अडकलेले आहे. चित्रकाराला हा गुण सोयीचा होता. पिकाला मात्र तोच अडचणीचा ठरतो.

आपली काळी माती याच पाषाणाच्या झिजेतून बनली. तिच्यातील चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट या खनिजाची आहे. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी माती ती हीच. तिचा प्रत्येक सूक्ष्म पापुद्रा पुरणपोळीसारखा असतो. वर-खाली सिलिकेचे थर आणि मध्ये पुरणाच्या जागी अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम व लोह. हे पुरण मुळांना सहजासहजी मिळत नाही. हिशेब करून पाहा. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. लोहाचे प्रमाण ५ टक्के धरले तरी ४५ हजार किलो लोह झाले. पिकाला लागते फार तर किलोभर!

लोहाची दोन रूपे आहेत. फेरस लोह पाण्यात विरघळते. हवा लागली की त्याचे फेरिक होते, म्हणजे गंजासारखे घट्ट बसते. जमिनीचा सामू एकने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू ८ च्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी.

झाडेही अगदी हातावर हात ठेवून बसत नाहीत. सोयाबीन, भुईमूग, मिरची, मोसंबी यांची मुळे आम्ल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर फेरिकचे फेरस करून घेतात. गवतवर्गीय पिके मुळांतून एक खास द्रव्य सोडून फेरिक लोह धरून आणतात. गहू व जव यात पटाईत आहेत, मका आणि ज्वारी कमी पडतात. जमिनीत पाणी साचले की मुळांच्या श्वासाचा कर्बवायू कोंडतो व चुन्याशी मिळून बायकार्बोनेट बनते. हे बायकार्बोनेट मुळांनी सोडलेले आम्ल मारून टाकते. म्हणूनच सततच्या पावसानंतर सखल भागातील सोयाबीन आधी पिवळे पडते. स्फुरद जास्त दिल्यानेही लोह अडकते, तेव्हा पिवळेपणा दिसताच डीएपी टाकण्याची घाई करू नये.

केवडा हा शब्द आपण भेंडीच्या विषाणूरोगालाही वापरतो आणि बाजरीच्या बुरशीरोगालाही, त्यामुळे गल्लत होते. लोहाची उणीव नव्या, शेंड्याकडील पानांवर दिसते. शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा, पुढे पांढुरका होतो. नत्राची उणीव खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते, तेथे युरियाचा उपयोग होईल. गंधकाच्या उणिवेत नवी पाने पिवळी पडतात, पण शिरांसकट.

उपाय करताना प्रथम साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. मग हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, फवारावे. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम लिंबाचे फूल (सायट्रिक आम्ल) घ्यावे. आधी लिंबाचे फूल विरघळवावे, नंतर हिराकस. द्रावण त्याच दिवशी वापरावे व फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी. ८ ते १० दिवसांनी पुन्हा एक-दोन फवारण्या लागतात, कारण पानाला मिळालेले लोह पुढच्या नव्या पानात फारसे जात नाही. हिराकस घेताना खडे हिरवे आहेत ना ते पाहावे. तपकिरी पडलेला माल म्हणजे दुकानातच फेरिक झालेले लोह.

नुसते हिराकस जमिनीत फेकले तर चुना त्याला लगेच धरून बसतो. जमिनीतूनच द्यायचे असेल तर एकरी १० किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी ओळीत द्यावे. चिलेट वापरणाऱ्यांनी पुडीवरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे चिलेट आपल्या जमिनीत टिकत नाही, ते फवारणीपुरते ठीक. जमिनीसाठी ईडीडीएचए प्रकारच लागतो आणि तो महाग असल्याने फळबागेलाच परवडतो.

विहिरीचा मलबा शेतात पसरायचा विचार असेल तर त्यात पांढरे खडे किती आहेत ते बघा. त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुना आहे आणि असा मलबा शेतात नको.

माती परीक्षणाला नमुना देताना सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी आवर्जून मागावी. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत लोहाचा रकाना असतोच. तेथे उपलब्ध लोह ४.५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या खाली असेल तर कमतरता समजावी. अहवाल येईपर्यंत थांबणे शक्य नसेल तर पिवळ्या पडलेल्या चार-पाच झाडांवर वरील द्रावण फवारा आणि झाडांना खूण बांधून ठेवा. पाच-सहा दिवसांत ती पाने हिरवी होऊ लागली तर उणीव लोहाचीच. नाही झाली, तर संपूर्ण शेतावर फवारणीचा खर्च करू नका, झाड उपटून मुळे तपासा.