जुन्या जीपचा पुढचा शाफ्ट सांभाळा



पावसाळ्यात गिरणाकाठच्या काळ्या जमिनीतून जुनी जीप निघते ती पुढच्या चाकांच्या जोरावर. डिझेल वाचावे म्हणून पुष्कळांनी तिला बाजारातले फ्री-लॉक हब बसवले आहेत. (महायुद्धातल्या जीपसाठी असे हब अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ च्या सुमारास काढले.) हब 'फ्री' असले की चाक बेअरिंगवर नुसते फिरते, शाफ्ट थांबून राहतो. 'लॉक' केले की शाफ्ट चाकाला फिरवतो.

शाफ्ट आत सरकू नये म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत सर्क्लिप असते. हब बसवताना ती राहून गेली, की शाफ्ट आत जातो, त्याचे दाते हबमध्ये अर्धेच धरतात आणि कपाशीचा भार चिखलातून ओढताना सोलून निघतात. मग जोडा बैल!

म्हणून पाऊस लागण्याआधी हबचे झाकण काढून बघा. खाच आत दबलेली दिसली, तर शाफ्ट बाहेर ओढावा. टोकाला आतून आटे असले तर बोल्ट फिरवून ओढता येतो. वाकलेली सर्क्लिप पुन्हा घालू नका, आणि तारेचा वेढा तर मुळीच नको. दोन्ही बाजूंचे हब एकसारखेच ठेवा. कन्नडच्या घाटाकडे निघताना, कोरडी डांबरी सडक लागली की फोर-व्हील काढून दोन्ही हब फ्री करावेत.